मुगाचं पाणी

अंड्याच्या टरफलावरून शाळेत नोटीस निघू शकते, हे मला नोकरीच्या एकविसाव्या वर्षी कळलं.

मी जयपूरला शास्त्री नगरमधल्या एका खासगी शाळेत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. शाळा ज्या ट्रस्टची आहे ते लोक कडक शाकाहारी. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ज्याने त्याने आपल्या ताटाचं बघावं. पण दर जानेवारीत बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा येते, तीत मुलांपुढे चार बाटल्या ठेवायच्या असतात. क, ख, ग, घ. एकीत पिष्ट, एकीत साखर, एकीत मेद आणि एकीत प्रथिन. मुलांनी रसायनं घालून कुठल्या बाटलीत काय आहे ते ओळखायचं. पिष्टासाठी आरारूटची पातळ पेज चालते, साखरेसाठी ग्लुकोज, मेदासाठी गोडेतेल. प्रथिनाला मात्र अंड्याच्या पांढऱ्यासारखं दुसरं काही नाही. स्वच्छ असतं, स्वस्त असतं, आणि बाकीच्या तिन्ही परीक्षांना दाद देत नाही.

म्हणून वीस वर्षं मी दर जानेवारीत डब्यात दोन पोळ्यांच्या मधे, रुमालात गुंडाळून, एक अंडं शाळेत नेत आले. हे फक्त आमच्या लॅबमधल्या भैयाजींना माहीत होतं. भैयाजी निवृत्तीला आलेले, स्वतः कांदासुद्धा न खाणारे. ते काही बोलायचे नाहीत. बाटलीला फडकं गुंडाळायचे आणि मुलांना द्यायच्या आधी दर वेळी ती नीट हलवायचे, कारण पांढरं पाण्यात एका जागी गोळा होतं आणि मग एकाला सगळं आणि दुसऱ्याला नुसतं पाणी मिळतं. टरफलं मी डब्यातून घरी परत आणायची. एकविसाव्या वर्षी परीक्षेआधीच्या सरावाच्या दिवशी नेमका फोन आला, आणि मी टरफल लॅबच्या कचऱ्याच्या डब्यात टाकून मोकळी झाले. त्याच दुपारी ट्रस्टचे एक सदस्य पाहणीला आले. एवढ्या मोठ्या शाळेत त्यांना पाहायला काय मिळालं, तर माझा कचऱ्याचा डबा.

नोटीस लागली. नाव नव्हतं, पण स्टाफरूममध्ये सगळे माझ्याकडेच बघत होते. परीक्षेला चार दिवस उरल्यावर प्रिन्सिपल सरांनी मला बोलावलं. शाळेत सगळं हिंदीत चालतं. मी इथे मराठीत लिहिते आहे, नाहीतर माझी चिडचिड दोन भाषांत विभागली जाईल.

"मॅडम, यंदा अंडं नको. दूध घ्या ना."

"सर, दुधात साखर असते. मेदही असतो. मुलांनी ओळखायचं काय?"

"मग सोयाबीन."

"त्यात तेल असतं, सर."

"मॅडम," सर दमून म्हणाले, "तुम्ही सायन्सच्या आहात. काहीतरी शाकाहारी प्रोटीन बघा."

मी हात टेकले. माझ्या डोळ्यांपुढे सरांचे केस, नखं, त्यांच्या रक्तातलं हिमोग्लोबिन आणि मला नकार देताना हलणारे त्यांच्या मानेचे स्नायू आले. हे सगळं प्रथिनच होतं आणि त्यातलं काहीही पानाफुलांचं नव्हतं. पण तसं बोलायची सोय नसते. "बघते, सर," म्हणाले आणि दुर्गापुऱ्याला घरी आले.

घरी बाबा असतात. ते रेल्वेत सिग्नलच्या कामावर होते, भुसावळहून बदली होऊन जयपूरला आले आणि इथलेच झाले. ऐंशी ओलांडली तरी रोज सकाळी दोन उकडलेली अंडी खातात. मी सगळं सांगितल्यावर ते इतके हसले की मला पाणी आणून द्यावं लागलं.

"मतलब, परीक्षा प्रोटीनची आणि प्रोटीनच आणायचं नाही? हे तर असं झालं की, गाडी सोडा पण इंजिन नको."

"बाबा, हसू नका. मला उपाय सांगा."

"तुझी आई असती तर तिनं चीक काढला असता," ते म्हणाले.

आईच्या कुरडया मला लख्ख आठवल्या. रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर, जयपूरच्या मे महिन्यात, ज्या उन्हात कुत्रीसुद्धा गाड्यांखाली झोपतात त्या उन्हात ती कुरडया घालायची. गहू भिजवायचे, वाटायचे, फडक्यातून गाळायचे आणि पातेलं रात्रभर हलवायचं नाही. सकाळी तळाला पांढराशुभ्र चीक बसलेला असायचा, वर पिवळट पाणी. पाणी ओतून द्यायचं, चीक ठेवायचा. मला मुगाच्या डाळीवर याच्या उलट करायचं होतं. चीक म्हणजे पिष्ट, तो खाली बसेल. वरच्या पाण्यात विरघळलेलं प्रथिन राहील. चीक टाकायचा, पाणी ठेवायचं. स्वतःच्या हुशारीवर मी भलतीच खूश झाले. एकवीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला कुरडईचं ज्ञान असं उलटं करून वापरता येतं, याचं मला फार कौतुक वाटलं. आता आठवलं की कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतो.

इथे मला थोडं वर्गाबद्दल सांगायला हवं, कारण माझा खरा राग तिथून सुरू होतो. जैविक महारेणूंचा धडा मुलांना गाइडमधून चार ओळींत पाठ असतो. कर्बोदके, ऊर्जा. प्रथिने, वाढ. मेद, साठा. न्यूक्लिक आम्ले, आनुवंशिकता. चार रकाने आखले, चार शब्द भरले, धडा संपला. मी दर वर्षी घसा कोरडा करते. अरे, पेशीत कोणी आपापल्या रकान्यात बसून राहत नाही. पेशीच्या भोवती जी मेदाची पातळ भिंत असते तिला दारं प्रथिनांची असतात. त्या दारांवर साखरेच्या लहानशा माळा लटकलेल्या असतात, आणि पेशी एकमेकींना त्यांवरून ओळखतात. डीएनए हा नुसता मजकूर. तो वाचायला प्रथिन लागतं, आणि ते प्रथिन बनवायला पुन्हा तोच मजकूर. आधी कोण हे विचारलंत तर शास्त्रज्ञ आजही डोकं खाजवतात. तोंडातली लाळ पोळीचं पिष्ट मोडायला लागते ती तिच्यातल्या एका प्रथिनाच्या जोरावर. "वाढ" म्हणे! प्रथिनं काय फक्त उंची वाढवायला असतात?

मुलं ऐकतात. मग कोणीतरी हात वर करून विचारतं, "मॅडम, पेपरात काय लिहायचं?"

मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी हे विचारत नसे. तिचे वडील चारदीवारीत, म्हणजे जुन्या शहरात, एका कारखान्यात नगिने, रत्नांचे खडे, घासायचं काम करायचे, आणि ती रोज ई-रिक्षा आणि बस बदलून यायची. पाठांतराच्या नावाने तिची बोंब होती. लेखी पेपरात ती कायम काठावर. पण तिच्या मामाची शहराबाहेर शेती होती, सगळ्या सुट्ट्या ती तिथे काढायची, आणि तिला शेतकीच्या कॉलेजात जायचं होतं. घरी ठरलेलं होतं की यंदा प्रवेश मिळाला तर ठीक, नाहीतर शिक्षण बंद आणि स्थळं बघायची. हे तिनेच मला सांगितलं होतं, हवामान सांगावं इतक्या साध्या आवाजात. लेखीत जे हातचं जाणार ते तिला प्रात्यक्षिकात भरून काढायचं होतं. आणि ते ती काढणार याची मला खात्री होती, कारण परीक्षानळी हातात आली की ती दुसरीच कोणी व्हायची.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी डाळ वाटली, गाळली, पातेलं रात्रभर ठेवलं, सकाळी वरचं पाणी बाटलीत घेतलं. थोडं काढून त्यावर प्रथिनाची, म्हणजे बाययुरेटची परीक्षा केली. सुंदर जांभळा रंग आला. आयोडीनचा थेंब टाकून पिष्टाचीही बघायला हवी होती. ती मी केली नाही, कारण प्रिन्सिपल सरांचा फोन आला की बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसाठी गरम कचोऱ्या कोण आणणार. जीवशास्त्राची परीक्षा, म्हणून जीवशास्त्राच्या मॅडम. मी बाटली भैयाजींकडे दिली आणि कचोऱ्यांच्या रांगेत जाऊन उभी राहिले.

परत आले तर पहिली तुकडी सुरू झालेली. "ग" बाटली सहा जणांकडे गेली होती. मी टेबलांवरून नजर फिरवली. आयोडीन टाकलेल्या नळ्यांमध्ये गडद निळा-काळा रंग होता. म्हणजे पिष्ट.

"भैयाजी, ग ची बाटली..."

"हिला दिया है मैडमजी," ते समाधानाने म्हणाले, "हर बच्चे से पहले, अच्छे से."

बाटलीत रात्रभराचा जो बारीक चीक माझ्या घाईमुळे वरच्या पाण्याबरोबर आला होता आणि तळाला पुन्हा बसला होता, तो त्यांनी वीस वर्षांच्या सवयीने प्रत्येक मुलासाठी मनापासून ढवळून वर आणला होता. या वेळी बाटली हलवू नका हे त्यांना सांगायला मी जागेवर नव्हते. मी कचोऱ्या आणत होते.

खरा धक्का पुढेच होता. मी सहाही जणांच्या वह्यांत डोकावले. पाच जणांनी लिहिलं होतं: आयोडीन परीक्षा, रंगात बदल नाही. नमुन्यात प्रथिन आहे. निळा-काळा रंग समोर नळीत उभा होता आणि पेन "बदल नाही" लिहून गेलं होतं. आदल्या वर्षीच्या मुलांनी त्यांना सांगून ठेवलेलं असतं, फेसाळ आणि जरा गढूळ दिसलं की प्रथिन समजायचं. मग डोळ्यांना कोण विचारतो?

सहावी वही त्या मुलीची होती. तिने लिहिलं होतं: आयोडीनने निळा-काळा रंग, पिष्ट आहे. बाययुरेटने जांभळा रंग, प्रथिनही आहे. खाली तिच्या वाकड्या अक्षरात एक ओळ: हा नमुना बहुतेक एखाद्या बीचा आहे.

परीक्षक दुसऱ्या एका शाळेतले शिक्षक होते, माझ्याच वयाचे, दमलेले, पण माणूस वाईट नव्हता. ते तोंडी परीक्षेत प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत होते, प्रथिनांचं कार्य काय. पाचही जण म्हणाले, शरीराची वाढ, सर. तिची पाळी आली तेव्हा तिने म्हटलं, "सर, या बाटलीत जी बी आहे तिच्यात दोन्ही लागणारच. रोपाला पानं फुटेपर्यंत खायला पिष्ट, आणि पानं बनवायला प्रथिन. नुसतं पिष्ट असतं तर रोप उभं कशाने राहिलं असतं?"

एकवीस वर्षांत त्या खोलीत मी ऐकलेलं ते सगळ्यात चांगलं उत्तर होतं. तिने बघितलं होतं आणि त्यावर विचार केला होता. परीक्षक हसले, प्रेमानेच हसले. "बेटी, एवढं कोणी विचारलेलं नाही. एका बाटलीत एकच असतं." आणि त्यांनी तिच्या वहीवर लाल फुली मारली.

मी तिथेच होते. चार पावलांवर. मी मूग गिळून बसले, आणि त्या दिवशी तर अगदी शब्दशः.

का बसले? कारण बोलायचं म्हणजे सांगायचं की बाटली मी बिघडवली. त्यात अंड्याची नोटीस ताजी होती. सर म्हणाले असते, एक साधं शाकाहारी प्रोटीनसुद्धा जमलं नाही का. या सगळ्याचा हिशेब करायला मला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासाचा मला अजून राग येतो.

चहाच्या वेळी मी परीक्षकांना सांगितलं. म्हटलं, "सर, ग च्या बाटलीत पिष्ट होतं. चूक माझी. ती मुलगी बरोबर आहे, बाकीचे पाच चूक आहेत."

त्यांनी हातातली कचोरी खाली ठेवली. "मॅडम, हे तुम्ही मला अधिकृतपणे सांगताय का?"

मी हातातला कप बशीत ठेवला.

"अधिकृत सांगितलंत तर मला अहवालात लिहावं लागेल. मग सगळ्या तुकडीची परीक्षा पुन्हा. तीही द्यायला येईल, आणि तेव्हा बाटलीत काय असेल, तिला काय सुचेल, कोणी सांगावं? आणि गुण आज संध्याकाळपर्यंत ऑनलाइन चढवायचे आहेत." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मुलीचं नुकसान नको ना तुम्हाला? मलाही नको. तिला म्हणावं, पिष्टाची ओळ आणि ती बीची ओळ काटून टाक. मी नवीन उत्तर समजून पूर्ण गुण देतो. विषय संपला."

विषय संपला. किती सोपं होतं. मला त्या माणसावर रागावताही येईना, कारण तो माझ्याच विद्यार्थिनीचं भलं बघत होता. मी मान हलवली.

ती व्हरांड्यात नळावर परीक्षानळ्या धूत होती. मी तिला वही दिली आणि काय करायचं ते सांगितलं.

"पण मॅडम, ते होतं," ती म्हणाली.

"होतं."

"मग?"

"तरी काट."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग हात ओढणीला पुसले, कंपासमधून पट्टी काढली आणि दोन्ही ओळींवर सरळ, स्वच्छ रेघा मारल्या. मग विचारलं, "आयोडीनपुढे काय लिहू?"

"बदल नाही," मी म्हणाले. ती तीन अक्षरं लिहिताना... तीन नसतील, मोजली नाहीत. ती लिहून होईपर्यंत मी नळाकडे बघत राहिले.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं, या वेळी ते हसले नाहीत. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"सिग्नल लाल दिसला तर रजिस्टरात लालच लिहायचा असतो, बाई," ते म्हणाले. "हिरवा असायला हवा होता की नव्हता, ते नंतर बघायचं."

"तिचं वर्ष गेलं असतं, बाबा. शिक्षणच गेलं असतं. तुम्ही काय केलं असतं?"

"मला माहीत नाही," बाबा म्हणाले. "मला कोणी असं विचारलं नव्हतं."

मला त्यांचा राग आला. खरं तर सगळ्यांचा आला. त्या टरफलाचा, नोटिशीचा, कचोऱ्यांचा, भैयाजींच्या इमानदार हातांचा, चार रकान्यांच्या त्या गाइडचा. सगळ्यांवर रागावून झाल्यावर मीच उरले. मी स्वयंपाकघरात गेले आणि उरलेली मुगाची डाळ मोरीत ओतून दिली. अन्न टाकल्याचं मला कधी वाईट वाटत नाही असं नाही, पण त्या दिवशी नाही वाटलं.

निकाल लागला. लेखीत ती नेहमीसारखी काठावर होती, प्रात्यक्षिकात पूर्ण गुण. तेवढ्यानेच तिचा प्रवेश झाला. त्या दोन रेघा नसत्या तर झाला नसता, हे मी स्वतः बेरीज करून पाहिलं, एकदा नाही, तीनदा. म्हणजे मी बरोबर केलं, असं प्रत्येक बेरजेनंतर मी मनाशी म्हणायची, आणि पुन्हा बेरीज करायची.

श्रावणात, तीजच्या सणाच्या सुमारास ती आमच्या घरी आली. हातात घेवरचा, त्या सणाच्या मिठाईचा डबा, कॉलेजची नवी बॅग, चेहरा उजळलेला. वाकून नमस्कार केला, बाबांनाही केला. म्हणाली, "मॅडम, तुम्ही नसता तर मी आज घरी बसले असते." मी तिला बसवलं, चहा टाकला. ओट्यावर उसळीसाठी मोड काढलेले मूग परातीत पसरले होते, पांढरे, टपोरे, काहींना इवली पानं डोकावायला लागलेली. बाबा काठी टेकत आत आले. ही तीच मुलगी हे त्यांना कळलं होतं. त्यांनी एक मूग उचलून तिच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्या भुसावळी हिंदीत, कौतुकाने विचारलं,

"बता बेटी, मूंग में क्या क्या होता है?"

तिला उत्तर येत होतं. सहा महिन्यांपूर्वी तिने ते कोणी न सांगता, नुसतं नळीत बघून शोधून काढलं होतं. तिच्या हातात मूग होता, त्याला मोड होता, पान होतं.

ती हसली, तोंड उघडलं, आणि थांबली. मग आधी तिने माझ्याकडे पाहिलं.